चर्चची चढण आणि खिळ्यांचे टायर

हाउकिवारा, कायानीजवळ
मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळचे दहा, पारा उणे तेवीस.

वडीलधाऱ्या हिल्काताई यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे ताइस्तोचा, कानटोपी न काढता केलेला नमस्कार. (काढली असती, पण सकाळी चूल पेटवायला उशीर झाला. का झाला ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? स्पेनच्या उन्हात ते कुरकुरत नाहीत असं तुम्ही नाताळच्या कार्डात लिहिलं होतंत, तेव्हा देवाची कृपा. ओन्नीभाऊंचं टक्कल उन्हाने सोलवटलं होतं ते भरून आलं का? त्यांना म्हणावं, इकडे टोपीशिवाय पाच मिनिटं उभे राहिलात तरी ते सोलवटेल, फक्त कारण वेगळं असेल. इथे माझं उत्तम चाललंय. तुमच्या घराच्या छपरावरचा बर्फ मी दोनदा उतरवला, पाण्याचे पाइप तपासले, तळ्याकडची खिडकी नीट बंद आहे. हे पत्र खरं म्हणजे त्या छपराबद्दलच आहे, तेव्हा दुसरंतिसरं काही मनात आणू नका.

आता छपराचा विषय निघालाच आहे, तर लेम्पी कशी आहे? ती तुमच्याकडे आली त्याला आज सत्तावीस दिवस झाले. मी मोजत बसलेलो नाही, स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं आहे, नजर जाते. आमचं फोनवर बोलणं होतं तसं. दर रविवारी होतं. मी विचारतो, "तिकडे किती?" ती म्हणते, "अधिक सतरा." मी म्हणतो, "इकडे उणे एकवीस." ती म्हणते, "बरं." मी म्हणतो, "बरं." मग दोघंही फोन कानाला लावून थोडा वेळ बसतो, आणि मग ती ठेवते. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात एवढं पुरत होतं हो. आता का कोण जाणे, पुरत नाही. म्हणून म्हटलं तुम्हाला सविस्तर लिहावं, कारण तिने तिची बाजू तुम्हाला सांगितली असणारच. (नसेलच सांगितली. ती कुठे काय सांगते? तीच तर पंचाईत आहे.)

तर माझी बाजू ऐका. अडतीस वर्षं मी या गावात गाडी शिकवण्याचा वर्ग चालवला. या पंचक्रोशीत जो कोणी गाडी चालवतो, तो माझ्या हाताखालून गेलेला आहे, आणि वर्गाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत काय लिहिलेलं होतं ते तुम्हीही पाहिलंय: 'पकड चाकात नसते, डोक्यात असते.' बर्फावर पकड मिळावी म्हणून रबरात लोखंडी खिळे बसवलेले टायर म्हणजे ज्याला गाडी येत नाही त्याने चाकाला लावलेल्या कुबड्या, हे मी शिकवत आलो. खिळे रस्ता खरवडतात, वसंतात त्या खरवडीची धूळ आपल्या नाकात जाते, कोरड्या डांबरावर टकटकटक करत कान किटवतात. नुसत्या रबराचे चांगले हिवाळी टायर आणि शहाणा ड्रायव्हर असला की पुरे. दर ऑक्टोबरात जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला मी या विषयावर पत्र पाठवतो. चौदा वर्षं पाठवतोय. एकदा तर त्यांनी माझा फोटोही छापला होता, चाकावर हात ठेवलेला. आता असा माणूस उद्या उठून खिळे लावून गावातून टकटक करत निघाला तर लोक काय म्हणतील? (लोक काही म्हणणार नाहीत. आपल्याकडे कोणी काही म्हणतच नाही. म्हटलं असतं तर एकवेळ परवडलं असतं.)

पाच जानेवारीचा रविवार. आदल्या आठवड्यात उणे अठ्ठावीस, आणि त्या दिवशी पारा एकदम शून्यावर येऊन वर पाऊस. तुम्हाला तर माहीतच आहे, कडक थंडीतला बर्फ हा सज्जन माणूस. खरा बदमाश तो वरून पाणी पडलेला ओला बर्फ. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवायला तिथे सूपविक्री होती. लेम्पीने पहाटे उठून सामन माशाचं आठ लिटर सूप केलं होतं आणि ते पातेलं मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली होती. घरातून निघताना ती एवढंच म्हणाली, "ताइस्तो, साइमीला फोन करू का? ती येईल न्यायला." साइमी म्हणजे आमची दोन घरं पलीकडची साइमी हैस्कानेन. माझ्याकडे सात वेळा नापास झालेली. तिच्या वहीत मी लाल शाईने लिहिलं होतं, 'निसर्गाने या बाईंना चालण्यासाठी पाय दिले आहेत, त्यांचा उपयोग करावा.' आठव्या वेळी दुसऱ्या परीक्षकाने तिला पास केलं आणि तेव्हापासून ती खिळ्यांवर फिरते. तिच्या गाडीतून मी सूप पाठवू? मी म्हणालो, "तू बस आणि शिकून घे."

चर्चची चढण तुम्हाला आठवते ना? खाली वळण, मग सरळ वर, आणि वर दारात सगळं गाव उभं. मी दुसऱ्या गिअरमध्ये, एका लयीत, ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, निघालो. आणि लेम्पीला समजावूनही सांगत होतो, की बघ, पेडल अंड्यावर पाय ठेवल्यासारखं दाबायचं, चाकाला दचकवायचं नाही, बर्फाशी भांडायचं नाही, त्याच्याशी बोलायचं. निम्म्या चढावर आलो असू. मी बोलतोच आहे. तेवढ्यात लेम्पी शांतपणे म्हणाली, "ताइस्तो, आपण मागे चाललोय."

"दिसतंय मला," मी म्हणालो.

दिसत नव्हतं. तिने सांगितल्यावर दिसलं. चाकं पुढे फिरत होती आणि गाडी मागे जात होती, आणि तीही काही घाबरून धडपडत नव्हे, तर अगदी सावकाश, मिरवणुकीत निघाल्यासारखी. वरचे लोक लहान लहान होत गेले. पाद्रीबाईंनी हात वर केला होता, तो आशीर्वादाचा होता की निरोपाचा ते कळलं नाही. मग गाडीने एक पूर्ण गिरकी घेतली (त्या गिरकीत मी स्टिअरिंग अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे फिरवलं, हे नमूद करतो) आणि मागच्या पायांनी रस्त्याकडेच्या चरात जाऊन बसली. आठ लिटर सूप उठलं. काही लेम्पीच्या कोटावर, काही माझ्या कानात, आणि उरलेलं हीटरच्या जाळीत. शेपूच्या पाल्यासकट. आजही हीटर लावला की गाडीत सूपविक्री सुरू होते.

आणि मग टकटकटकटक. साइमी आली. त्याच चढावरून ती खाली आली आणि थांबली, हो, निम्म्या उतारावर थांबली, भिंतीला खिळा ठोकावा तशी. उतरली, दोर काढला, माझ्या गाडीला बांधला, मला वर ओढलं. एक अक्षर बोलली नाही. अहो, एकदा तरी म्हणायचं होतं, "काय मास्तर?" भांडलो असतो, मोकळा झालो असतो. छे! तिने दोर गुंडाळला, लेम्पीकडे बघून मागचं दार उघडलं, आणि लेम्पी रिकामं पातेलं घेऊन माझ्या गाडीतून उतरून तिच्या गाडीत जाऊन बसली. मी चरापासून घरापर्यंत एकटा आलो, तासाला वीसच्या वेगाने, सामन माशाच्या वासात.

घरी आल्यावर लेम्पी म्हणाली, "त्या गाडीला खिळे लागल्याशिवाय मी तिच्यात बसणार नाही." मी दमलेलो होतो, कानात सूप होतं, मी म्हणालो, "मग नको बसूस." बास, एवढंच भांडण. दोन दिवस ती विणत बसली. मला वाटलं, राग उतरतोय, मोजा वाढतोय. तिसऱ्या दिवशी मोजे पूर्ण झाले, ते तिने माझ्या खुर्चीवर ठेवले, बॅग घेतली आणि बसने गेली. टेबलावर चिठ्ठी: 'हिल्काकडे जाते. मटार फ्रीझरमध्ये आहेत.' आता तुम्हीच सांगा, या चिठ्ठीतून माणसाने काय समजायचं? परत यायची तारीख त्यात नाही. मी कागद उलटून पाहिला. उजेडात धरूनही पाहिला.

पहिला आठवडा मी तत्त्वाला धरून काढला. मटार संपले. दुसऱ्या आठवड्यात मी तत्त्वाशी जरा बोलणी सुरू केली. शनिवारी वाफेच्या अंघोळीचा सौना तापवला आणि सवयीने दोन टॉवेल नेले, आणि बाकावर बसून तापलेल्या दगडांवर पाणी टाकताना "जास्त झालं का?" असं मोठ्याने विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा फार वाईट वाटलं, ताई. म्हणून सांगतो, तुमच्या शेडकडे माझे पाय वळले ते छपरावरचा बर्फ उतरवायलाच. पण आत ओन्नीभाऊंचे जुने खिळ्यांचे टायर रिंगांसकट रचलेले आहेत हे मला ठाऊक होतं, आणि आमच्या दोघांच्या गाड्या एकाच जातीच्या. इल्पोच्या टायरच्या दुकानातून नवे घ्यायचे म्हणजे गावजेवणच. तिथे कॉफीची किटली दिवसभर गरम असते आणि तिच्याभोवती माझे जुने विद्यार्थी. त्यापेक्षा म्हटलं, घरच्या घरी गुपचूप खिळे लावावेत, लेम्पीला कळवावं, ती आली की हळूहळू गावालाही सवय होईल.

लावले. ढगाळ दिवस होता, शेडमध्ये अंधार, घाईघाईत जॅक लावून चारही चढवले, आणि सोमवारी सकाळी अकराला, जेव्हा इकडे सगळं गाव जेवायला बसलेलं असतं, चाचणीला निघालो. आमच्या रस्त्यावर बर्फ होता तोवर आवाज नाही. मी मनात म्हटलं, जमलं! पण वळून मोठ्या रस्त्याला लागतो तो काय, बर्फ ढकलणारी गाडी नुकतीच जाऊन गेलेली, काळंभोर डांबर उघडं, आणि टक-टकटक-टक, टक-टकटक-टक. पहिल्या घराचा पडदा हलला. दुसऱ्या घराचा हलला. तिसऱ्या घरात तर काट्यावर बटाटा टोचलेला तसाच हातात धरून माणूस खिडकीशी आला. मला युक्ती सुचली: वेग कमी केला की आवाज कमी. म्हणून गाडी न्यूट्रलला टाकली आणि नुसती घरंगळू दिली. आवाज खरंच कमी झाला. वेगही कमी झाला. अखेर दोन्ही पूर्ण थांबले, बरोब्बर इल्पोच्या दुकानासमोर.

इल्पो दार उघडून बाहेर आला. हात पुसत माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. मग खाली बसला, पुढच्या चाकावरून बोट फिरवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, बाण उलटा आहे."

टायरच्या कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो पुढे बघायला हवा. माझे चारही मागे बघत होते. अडतीस वर्षं मी पोरांना तो बाण दाखवत आलो, ताई! शिवाय त्याने मोजून सांगितलं की एका चाकात मूळच्या शंभरांपैकी सव्वीस खिळे उरलेत. (ओन्नीभाऊंना म्हणावं, हे टायर आठ वर्षांपूर्वीच फेकायला हवे होते. असो.) मी म्हणालो, "बघत होतो नुसतं." तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "आत या, कॉफी आहे."

आत चौघं बसले होते. चौघंही माझ्या हाताखालचे. साइमीपण होती, दिव्याचा बल्ब न्यायला आली होती म्हणे. सगळ्यांनी मान हलवली, मीही हलवली. कप आला. आणि इल्पो, ज्याला मी गाडी उभी करायला शिकवताना तीन खांब गमावले, तो गल्ल्यामागे जाऊन म्हणाला, "नेहमीचेच ना मास्तर? बिनखिळ्यांचे?"

म्हणजे बघा ताई, त्या माणसाने मला दार उघडून दिलं होतं. सगळ्यांच्या देखत, सन्मानाने. मी नुसती मान हलवली असती तर गावात हा विषय कधी निघाला नसता, मी मेल्यावरही नसता. मी कपाकडे बघत बसलो. घरी रोज सकाळी मी अजून दोघांची कॉफी टाकतो आणि दुसरा कप ओतून देतो, ते डोळ्यांपुढे आलं. म्हणालो, "खिळ्यांचे. चारही." मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "लेम्पी गेलीय."

"माहीत आहे मास्तर," साइमी म्हणाली. "एकोणीस दिवस झाले."

म्हणजे गावाने कॅलेंडर लावलं होतं आणि मला वाटत होतं मीच एकटा. मग कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं, आणि ती मला त्यांची मोठी कृपा वाटली. टायर बसवायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कोणीतरी म्हणालं, की परवा बर्फ पडेल. कोणीतरी म्हणालं, पडेल. निघताना साइमीने मात्र काचेवर टकटक केलं आणि म्हणाली, "मास्तर, उतारावर थांबायचं असेल तर शिकवीन." सात वेळा नापास झालेली बाई! मी म्हणालो, "बघू." (गुरुवारी शिकवणी झाली. ती कडक आहे. मला दोनदा रागावली.)

तर एकूण हे असं आहे. तुमचं छप्पर ठीक आहे. तुमची तब्येत सांभाळा, ओन्नीभाऊंना उन्हात फार बसू देऊ नका, आणि लेम्पीला सांगा, की माझं उत्तम चाललंय आणि तिने सावकाश, तिच्या सोयीने यावं, घाई काहीच नाही.

आपला नम्र,
ताइस्तो

ता. क. तुमच्या शेडचं कुलूप बदललं आहे. जुनं मला तोडावं लागलं, कारण किल्ली तुमच्या ठरलेल्या बुटात नव्हती. (ती दुसऱ्या बुटात होती. नंतर सापडली.) नवी किल्ली पहिल्या बुटात ठेवतो. ओन्नीभाऊंचे टायर परत जागेवर रचले आहेत, बाण वर करून.

ता. क. २. वर लिहिलंय की माझं उत्तम चाललंय. ते खोडलेलं समजा. कागद एकच उरला होता म्हणून पुन्हा लिहिलं नाही. यीस्ट कुठे ठेवते ती, तेवढं विचारून ठेवा. आणि घाई नाही म्हटलंय, तेही खोडा.

ता. क. ३. हे लेम्पीला वाचून दाखवा, बाकीचं पत्र नाही दाखवलंत तरी चालेल. नवे खिळे टायरमध्ये नीट बसायला पहिले पाचशे किलोमीटर हळुवार चालवावे लागतात. कुठेतरी चालवायलाच हवेत, म्हणून मी कायानीच्या विमानतळापर्यंत जाऊन येत होतो. जाऊन-येऊन एकशे चोवीस. दुपारचं विमान उतरतं, दहाबारा माणसं बाहेर येतात, मी बघतो आणि परत येतो. चार फेऱ्यांत चारशे शहाण्णव झाले, उरलेले चार मी तिथल्या पार्किंगमध्येच गोल गोल फिरून पुरे केले. म्हणजे शुक्रवारीच काम संपलं. तरी शनिवारी गेलो, रविवारी गेलो, काल गेलो. आता हे पत्र टाकून निघतोच आहे, म्हणूनच चूल राहिली. तिला सांगा, चढणीवर मी चुकलो होतो आणि घरी आल्यावर जे बोललो त्यात त्याहून जास्त चुकलो. कधी निघते तेवढं कळवा. नाही कळवलंत तरी हरकत नाही. विमान रोज एकच येतं, आणि मी असतोच.